वेचणीच्या वहीतली नावं

अंगावरच्या सुती कपड्याचं एक टोक चिमटीत धरा. बाही असेल, पदर असेल, ओढणी असेल, काहीही चालेल. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते कापड हळूच फिरवा. हा कपडा ज्या वाटेनं तुमच्यापर्यंत आला, ती वाट आपल्याला आज उलटी चालायची आहे. सुरुवात दुकानापासून आणि मुक्काम परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका कापसाच्या रानात.

तुमच्या कपड्यातला कापूस जिंतूरचाच असेल असं नाही. तो गुजरातचा असेल, तेलंगणाचा असेल, किंवा दोन-तीन राज्यांच्या गाठी एकाच सूतगिरणीत मिसळून त्याचा धागा झाला असेल. तरी कुठल्यातरी एका मातीत पाय रोवल्याशिवाय मन स्थिर होत नाही, म्हणून जिंतूर. पूर्णा नदी आणि तिच्यावरचं येलदरीचं धरण, गावाजवळ नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी, चढावर मुरमाड जमीन आणि सखल भागात काळी. गावाला रेल्वे नाही. माल बाहेर जातो तो ट्रकनं. सोयाबीननं कापसाची बरीच रानं घेतली, पण पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, अजून उभी आहे.

चला, दुकानातून निघू. पुढचे टप्पे भरभर ओलांडा, तिथे फार रेंगाळायचं कारण नाही. शिलाई, रंगाई, विणाई, सूतकताई. प्रत्येक ठिकाणी कागद आहे. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे, माप आहे, धुण्याची रीत आहे. सूतगिरणीकडे गाठींचा हिशेब आहे. गाठीवर क्रमांक आहे. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आता आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावतं. तो स्कॅन केला की कापूस कुठे घेतला, सरकी कुठल्या जिनिंगमध्ये निघाली, वजन किती, तारीख कोणती हे समजतं. परदेशातले मोठे खरेदीदार हेच मागतात. माल कुठून आला ते दाखवा, म्हणतात. मागणी रास्त आहे.

आता जिनिंगच्या अंगणात या आणि इथे मात्र थांबा. समोर पांढरीशुभ्र गाठ आहे, पट्ट्यांनी आवळलेली, १७० किलोची. तिच्याकडे नुसतं बघत राहा.

१०० किलो कापसातून स्थूलमानानं ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे या एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस लागला. एका बोंडात सरासरी चार ग्रॅम कापूस धरा. पाच क्विंटलला सव्वा लाख बोंडं होतात. आपल्याकडे कापूस यंत्रानं वेचत नाहीत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात वेचतात. इथे सव्वा लाख बोंडांपैकी प्रत्येक बोंड कुणाच्या तरी बोटांनी उपसलं आहे. एकेक करून. तुमच्या चिमटीतल्या कपड्याला पाव किलोच्या आसपास रुई लागली असेल, तर त्यात एकशेऐंशीच्या आसपास बोंडं आहेत. तेवढ्या वेळा एक हात पुढे गेला आणि मागे आला.

तो हात कुणाचा? गाठीवरचा कोड इतकं सगळं सांगतो, पण हे सांगत नाही. आजच्या बैठकीत हा एकच प्रश्न धरून ठेवा. मन इकडेतिकडे गेलं तर पुन्हा इथे आणा: हात कुणाचा?

कापसाच्या नोंदी इथे कमी नाहीत. परभणीत महबूब बागेतलं कापूस संशोधन केंद्र शंभर वर्षांहून जुनं. नांदेडच्या केंद्रातून १९८० च्या दशकात आलेल्या ‘एनएचएच ४४’ या संकरित वाणानं पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातली कोरडवाहू रानं भरली. धाग्याची लांबी, बोंडाचं वजन, अळीची हालचाल, यांची पिढ्यान्‌पिढ्यांची टिपणं या मातीत आहेत. वाणाची कुंडली आहे. वेचणारीची नाही.

जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडा. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग आहे. ग्रेडर ट्रॉलीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, ओलावा मोजायच्या यंत्रात धरतो. हमीभावानं घ्यायचा तर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत हवा. त्यावर चढेल त्या दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापला जातो, आणि १२ च्या वर कापूस परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एक टक्का म्हणजे ८१ रुपये. चार टक्के चढले तर सव्वातीनशे रुपये गेले.

या आकड्यावर थोडं थांबू या, कारण तो दिसतो त्यापेक्षा लांब पोचतो. कार्तिकातल्या सकाळी पऱ्हाटीवर दहिवर असतं. तेव्हा वेचलेला कापूस ओला. म्हणून शेतकरी सांगतो, दहिवर उडाल्याशिवाय वेचणीची ओटी बांधू नका. त्याचंही बरोबर आहे, यंत्रापुढे त्याला उभं राहायचं आहे. पण वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. सकाळचा थंड वेळ हातचा जातो आणि उन्हाच्या तासांत तेवढेच किलो भरायचे राहतात. म्हणजे खरेदीच्या नियमात लिहिलेला ८ हा आकडा दूरच्या शेतातल्या एका बाईच्या दिवसाची वेळ ठरवतो. तो आकडा ठरवताना तिला कुणी विचारलेलं नाही. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. ओला कापूस पिवळा पडतो, गंजीत तापतो. मी एवढंच म्हणतो की आकडा माणसावर जाऊन थांबतो, आणि कुठल्या माणसावर थांबला हे पाहिल्याशिवाय तो आकडा आपल्याला समजला असं होत नाही.

रांगेच्या कडेला हमाल बसलेले दिसतील. त्यांच्याकडे आदरानं बघा, कारण या साखळीतली एक मोठी गोष्ट त्यांनी घडवली आहे. ओझं वाहणारा माणूस कुणाचाच कामगार नव्हता; आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्या व्यापाऱ्याचं. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी या माणसांना संघटित केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल कामगारांचा कायदा झाला. माथाडी मंडळात हमालाची नोंद होते, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेतली जाते. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपचार, रजा. सगळ्या बाजारांत हा कायदा सारखा पोचलेला नाही, त्यासाठी अजून भांडावं लागतं. तरीही मालक रोज बदलणाऱ्या माणसाचं नाव कागदावर आणता येतं, हे महाराष्ट्रानं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं. वेचणारीचा मालकही रोज बदलतो. मग तिच्याबद्दल ‘शक्यच नाही’ असं आपण का म्हणतो, हे मनाला विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

आता रानात चला.

दहा-साडेदहाची वेळ. चार-सहा बाया एका रांगेत, प्रत्येकीचं एक तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी. वाळून टोकदार झालेल्या बोंडाच्या कडांमधून तीन बोटं आत जातात, अंगठा टेकतो, आणि चारही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत बाहेर येतो. हात चुकला तर पालापाचोळा चिकटतो, किंवा नखाशेजारची कातडी निघते. किडलेली कवडी निराळी ठेवायची. ओटी भरली की बांधावरच्या चादरीवर रिकामी करायची, आणि पुन्हा तासात शिरायचं. चांगलं फुटलेलं रान असेल तर सराईत बाई दिवसाला तीस किलोपर्यंत जाते. तीस किलो म्हणजे साडेसात हजार बोंडं. कंबर सगळा वेळ अर्धी वाकलेली.

तिच्या शेजारी, थोडं मागे, उभे राहा. काही बोलू नका. हात पुढे, हात मागे, याची लय तुमच्या श्वासाला लागू द्या.

भारतीय कापसाबद्दल गिरण्यांची एक जुनी तक्रार आहे, की त्यात केस निघतात, खताच्या गोणीचे प्लास्टिकचे तंतू निघतात, आणि रंग देताना ते उघडे पडतात. उपाय साधा आहे. वेचताना डोक्याला सुती फडकं, कापूस साठवायला प्लास्टिकच्या गोणीऐवजी सुती चादर, कवडी वेगळी. हे सगळं कुणाच्या हातात आहे? तिच्या. पण ‘स्वच्छ कापूस’ या विषयावर गावात बैठक झाली, तर बोलावणं सातबारा ज्याच्या नावावर त्याला जातं. तो येतो, ऐकतो, घरी जातो. ज्या बोटांना ते सांगायला हवं ती बोटं त्या वेळी दुसऱ्याच्या रानात कापूस उपसत असतात. सर्वांना सामावून घेणं हा दयेचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढी एक गोष्ट शांतपणे तपासावी. मालाचा दर्जा जिच्या हातात आहे, तिला वगळून दर्जा सुधारायला निघालेली साखळी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते.

फवारणीचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाचा खप किती, हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. ते कोण फवारतं आहे, त्याच्या तोंडावर काय बांधलं आहे, हे कुठल्याच वहीत नव्हतं.

दिवस कलला. वेचणी थांबली. ज्या वहीसाठी इथवर आलो ती आता निघेल.

बांधावर काटा टांगला जातो. प्रत्येकीचं गाठोडं त्याला लावतात. सगळ्याजणी आकड्याकडे बघत उभ्या असतात, लिहिता-वाचता न येणारीसुद्धा. काट्यावरचा आकडा तिला बरोबर कळतो. शेतकरी किंवा त्याची मुलगी शाळेच्या वहीत लिहिते: अमकीची सून, तेवीस, तमक्याची आई, एकोणतीस. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी बेरीज होते, पैसे दिले जातात, पानावर काट मारली जाते.

ही नोंद नीट पाहा. तिथे देणारा आणि घेणारी दोघं हजर आहेत. दोघांच्या डोळ्यांदेखत आकडा लिहिला गेला. चुकला तर तिथल्या तिथे भांडण होऊन दुरुस्त झाला. कापसाच्या या सगळ्या लांबलचक प्रवासात इतक्या खऱ्या नोंदी फार थोड्या होत असतील. आणि हंगाम संपला की ती वही चुलीत जाते, रद्दीत जाते. साखळीत माहिती नाही असं आपण म्हणतो. माहिती पहिल्याच दिवशी लिहिली गेली होती, तिला पुढे कुणी विचारलं नाही.

पुढे काय विचारलं जातं? सातबारा. ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी ओळख क्रमांक. आणि २०२५ च्या हंगामापासून, हमीभावानं विकायचं तर ‘कपास किसान’ ॲपवर आगाऊ नोंदणी, आधार आणि जमिनीच्या कागदासह. या सोयींनी दलालाच्या नावावर चढणारा कापूस कमी होईल, रांगेत दोन-दोन रात्री काढणं कमी होईल. त्यांचा फायदा मी नाकारत नाही. पण हे सगळे दरवाजे एकाच किल्लीनं उघडतात, आणि ती किल्ली म्हणजे जमिनीची मालकी. बटईनं किंवा ठोक्यानं रान करणारा, नवऱ्यामागे शेत सांभाळणारी पण फेरफार न झालेली विधवा, गायरानावर वर्षानुवर्षं पेरणारा, यांनी पिकवलेला कापूस कागदावर दुसऱ्या कुणाचा तरी होतो. पैसाही आधी त्याच्या खात्यात जातो. वेचणारी तर या दरवाजांच्या अंगणातही नाही. जिंतूरच्या डोंगराकडच्या गावा-तांड्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आठवा. कोयता घेऊन गेलेल्या माणसाला त्याच्या गावातली नोंदणीची तारीख कोण सांगणार?

याच महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घातला गेला होता, हे इथे आठवायला हवं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या बायकांचं अधिवेशन झालं. त्या वाटेनं पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला: शेतकऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि गावातल्या शंभर घरांनी तसं केलं तर ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. २०१२ मध्ये कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं. जमीन नावावर असो वा नसो, ग्रामसभेच्या संमतीनं ‘शेतकरी’ असल्याचा दाखला द्यावा, असं त्यात होतं. ते मंजूर न होताच व्यपगत झालं. माझ्या मते आपल्या शेतीच्या अलीकडच्या इतिहासातली ती फार मोठी चुकलेली संधी आहे. तो दाखला आज हाताशी असता, तर ॲपला सातबाऱ्याखेरीज आणखी एक किल्ली चालली असती.

नोंद नसण्याची किंमत केवढी असू शकते, ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहू. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले ११०० हून अधिक लोक मेले. त्यानंतर हा माल कुठल्या कंपन्यांसाठी शिवला जात होता हे सिद्ध करायला कार्यकर्ते ढिगाऱ्यातून कपड्यांच्या चिठ्ठ्या वेचत होते. पुढे तिथल्या कामगार संघटना आणि विदेशी कंपन्या यांच्यात करार झाला. कारखान्यांची तपासणी झाली आणि तपासणीचे अहवाल सगळ्यांना वाचता येतील असे खुले ठेवले गेले. यातलं ‘खुले ठेवले’ हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माहिती गोळा करणारे पुष्कळ आहेत. ज्याची माहिती घेतली त्याच्या हातात ती परत देणारे थोडे.

एकाधिकार कापूस खरेदी आठवते ना? १९७२ पासून जवळजवळ तीन दशकं राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा अशी रीत होती. प्रत्येक शेतकऱ्याची नोंद होती, प्रत्येक गाडीचं वजन होतं. आणि तरीही चुकाऱ्यासाठी माणसं हेलपाटे घालत होती. नोंद होती, पण ती त्याच्या कामाला येत नव्हती. म्हणून ‘माहितीवर चालणारी पुरवठा साखळी’ असं कुणी म्हणालं, की मनातल्या मनात पुढचा प्रश्न विचारावा: माहिती कुणाकडून कुणाकडे जाते, आणि परत काय येतं?

नोंद ठेवण्यात एक धोकाही आहे, तो झाकून चालणार नाही. नाव यादीत आलं की माणूस सापडतो. मदतीसाठी सापडतो तसा पिळवणुकीसाठीही सापडतो. कोण किती वेचते याची यादी मुकादमाच्या हाती गेली, तर कमी वेचणारी म्हातारी पुढच्या हंगामात घरी बसेल. बोटाच्या ठशावर सगळं बांधलं, तर काम करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, हे रेशनच्या दुकानात पुष्कळांनी पाहिलं आहे. म्हणून काय लिहायचं, कुणाला दाखवायचं, हे तिच्याशी बसून ठरवावं लागेल. तिच्या भाषेत, तिच्या फुरसतीच्या वेळी, म्हणजे रात्री जेवणं उरकल्यावर. ज्या राज्याच्या रोजगार हमीच्या कामांवर १९७२ च्या दुष्काळापासून बाईचं नाव हजेरीपत्रकावर तिच्यासमोर पुकारलं गेलं, त्या राज्याला हे नवं नाही.

आता डोळे मिटा हवे तर. रान, काटा, वही, रांग, ग्रेडर, हमाल, गाठ, धागा, सगळं एकदा मनासमोरून सावकाश जाऊ द्या. यात कुणीच खलनायक नाही, असं तुम्हाला दिसेल. शेतकरी भावानं गांजलेला आहे, ग्रेडर नियमानं बांधलेला आहे, जिनिंगवाला गिरणीच्या तक्रारींनी. प्रत्येकजण आपापल्या पुढच्या माणसाकडे बघतो आहे. मागे वळून बघणं तेवढं राहून गेलं आहे.

तुमचं कापसाचं रान असेल, तर या हंगामात वहीत ‘अमकीची सून’ न लिहिता तिचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा, तिला विचारून. रोजचा आकडा तिच्याही कार्डावर लिहून द्या. हंगाम संपल्यावर वही जपून ठेवा. ग्रामसभेत त्या वह्या पुढे ठेवून ठराव मांडा, की या गावात कापूस वेचणाऱ्या इतक्या जणी आहेत, पुढचं प्रशिक्षण आणि फवारणीची सूचना त्यांनाही मिळाली पाहिजे. सूतगिरणीत, कापडाच्या कंपनीत, खरेदीच्या हुद्द्यावर असाल, तर गाठीचा कोड तपासताना जिनिंगच्या मागची ही वही मागा, आणि तिच्यासाठी दरात चार पैसे जास्त धरा. यातलं काहीच नसाल, तर तलाठ्याकडे जाऊन घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत एवढं बघून या, आणि राबणारीचं नाव नसेल तर ते लावायचा अर्ज करा.

वेचणी दसऱ्याच्या पुढेमागे सुरू होते. वह्या त्याआधी आणून ठेवा.